पहिला वाटा कुणी उचलायचा

हक्कसोडपत्राचा मसुदा टाइप होऊन आलाय. धाकट्या बहिणीचं नाव, वय, सासरचा पत्ता, आमच्या निरवांगीच्या शेताचा गट नंबर, चतुःसीमा, सगळं बिनचूक आहे. शेवटच्या परिच्छेदात ती म्हणते, म्हणजे तिच्या नावाने मसुदा लिहिणारा म्हणतो, की या मिळकतीतला माझा हक्क आणि हिस्सा मी राजीखुशीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता, कोणताही मोबदला न घेता भावाच्या लाभात कायमचा सोडून देत आहे. हे तिने अजून वाचलेलं नाही. मसुदा लिहून देणाऱ्याने मला एकच प्रश्न विचारला होता, "बहिणी किती?" राजीखुशीचं त्याला विचारावं लागत नाही, तो मजकूर कायमचा तयारच असतो. "एक दिवस गाडी करून घेऊन या, साडीचोळी करा, दुपारपर्यंत मोकळे व्हाल," म्हणाला.

सही व्हायची आहे. माझ्या आत नेमकं कोण ही सही मागतंय, ते सहीच्या आधी तपासून घ्यावं म्हणून हे लिहितोय.

मी मानसशास्त्र शिकवतो. दरवर्षी फळ्यावर इदम्, अहम् आणि पराहम् असे तीन शब्द लिहितो, आणि मुलं वहीत त्यांचं भाषांतर हाव, अक्कल आणि विवेक असं करून टाकतात. खालचं वाईट, वरचं चांगलं आणि मध्ये अडकलेला बिचारा माणूस. परीक्षेपुरतं ते चालतं. पण ज्या पुस्तकात फ्रॉइडने ही मांडणी पहिल्यांदा पूर्ण केली, त्या १९२३ सालच्या 'अहम् आणि इदम्' मध्ये एक अडचणीची गोष्ट आहे, आणि ती मी वर्गात घाईने उरकतो. तो म्हणतो, पराहम् हा अहम्‌पेक्षा इदम्‌च्या जास्त जवळ असतो, त्याची मुळं इदम्‌मध्ये खोलवर गेलेली असतात आणि अहम्‌समोर तो इदम्‌चाच वकील म्हणून उभा राहू शकतो. म्हणजे आतून येणारा जो कडक, सोवळा आवाज आपण सदसद्विवेकाचा धरतो, त्याच्या तोंडून हावही बोलत असू शकते. बारावीच्या मुलांना हे सांगून गोंधळात कशाला टाकायचं, असं मला वाटायचं. आता मीच गोंधळात आहे.

वडील गेल्यावर वारसनोंद झाली. सातबारावर आईचं, माझं आणि धाकटीचं अशी नावं आली. तलाठ्याने दिलेला उतारा हातात घेतला आणि माझ्या नावाखाली तिचं नाव दिसताच पोटात काहीतरी आवळलं. तेव्हा मनात कुठलाही विचार नव्हता, विचार पुष्कळ नंतर आले. तो नुसता एक झटका होता, ताटातली भाकरी कुणी उचलली की लहान पोराला बसतो तसा. ती जमीन मी कसत नाही. वाटेकरी कसतो. माझ्या पगारापुढे उसाचं निम्मं उत्पन्न म्हणजे फार मोठी गोष्ट नव्हे. पैशाच्या हिशोबात तो झटका बसत नाही, म्हणूनच मला तो महत्त्वाचा वाटतो.

निरवांगी ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. नंदिकेश्वराचं देऊळ, खाली नीरा, आणि नीरेपलीकडे सोलापूर जिल्ह्यातला माळशिरस तालुका. नदी आहे म्हणून पाणी आहे असं समजू नका. या भागाचा ऊस उभा राहिला तो इंग्रजांच्या काळात झालेल्या नीरा डाव्या कालव्यावर, आणि तो कालवा बारामती भिजवून इंदापुरात येतो तेव्हा आम्ही त्याच्या शेपटाला. आवर्तन सुटलं की पाणी पोचणार कधी, वरची गावं सोडणार किती, यावर इथल्या चार पिढ्यांचं रक्त आटलंय. दुसरीकडे जिथे पाणी जास्त झालं तिथे जमिनीवर पांढरं मीठ फुटलं. असल्या गावात जमीन नुसती मालमत्ता नसते, एवढं मी अभिमानाने नेहमी सांगत आलोय. हा अभिमान आणि तो पोटातला पीळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का, हे मात्र कधी पाहिलं नव्हतं.

विचार आले ते दुसऱ्या दिवसापासून, आणि रांगेने आले. धाकटीच्या लग्नात वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढलं, ते पुढे मी फेडलं. वडिलांचा शेवटचा दवाखाना मी केला. विहिरीपासून पाइपलाइन मी टाकली. तिला तिकडे काय कमी आहे, दाजींची बागायत आपल्या दुप्पट आहे, हे आईचं. आणि पावणेपाच एकरांचे तुकडे करून दोघांच्याही हाती काय लागणार? यासाठी मी १९४७ चा तुकडेबंदी कायदा शोधून वाचला. कपाटात त्याच पुस्तकाशेजारी हिंदू वारसा कायदा होता, त्याला हात लावला नाही.

अर्नेस्ट जोन्स या फ्रॉइडच्या सहकाऱ्याने १९०८ मध्ये या प्रकाराला समर्थन शोधणं अशा अर्थाचं नाव दिलं. माणूस आधी करतो किंवा ठरवतो, आणि मग त्याला शोभेल असं कारण पुढे करतो. वर्गात उदाहरण म्हणून मी कोल्हा आणि आंबट द्राक्षं सांगतो. ते उदाहरण फसवं आहे हे आता कळतंय, कारण कोल्ह्याचं कारण खोटं होतं. माझी सगळी कारणं खरी आहेत. कर्ज मी फेडलंय, दवाखान्याच्या पावत्या फायलीत आहेत. खोटं कारण कधी ना कधी उघडं पडतं. खऱ्या कारणाला कुणी हात लावत नाही, आपण स्वतःही नाही. मग मी एकेक कारण काढून बघितलं. समजा, दवाखान्याचा खर्च धाकटीनेच केला असता, तर मी तिला अर्धी जमीन आपणहून दिली असती का? नाही. समजा, दाजींकडे कोरडवाहूच असती, तर? तरीही नाही, तेव्हा म्हटलं असतं, त्यांना इथली शेती झेपायची नाही. कारण काढून घेतलं तरी ठराव जागचा हलत नाही. म्हणजे एकाही कारणावर तो उभा नव्हता.

इथवरचा हिशोब सोपा होता. खरी अडचण विवेकाची.

माझा विवेक मला कुणी दिला ते मला ठाऊक आहे. आजोबांनी. ऊसतोडीच्या दिवसांत कारखान्याच्या वाटेने बैलगाड्या जायच्या आणि आम्ही पोरं मागून ऊस ओढायचो. तो खेळच होता, गाडीवान हाड्‌हाड करायचे आणि सोडून द्यायचे. एकदा आजोबांनी माझ्या हातात ऊस पाहिला. मारलं नाही, ओरडले नाहीत. "ज्याचा त्याला देऊन ये," एवढंच. निम्मा चावलेला ऊस घेऊन मी गाडीमागे पळालो. गाडीवान हसला, "खा की लेका," म्हणाला. मला खाता येईना आणि टाकताही येईना. तो ऊस शेवटी गाडीत ठेवून परत आलो, तर आजोबा बांधावर तसेच उभे, हातात छत्री. आजही दुकानदाराने चुकून जास्त सुट्टे दिले तर माझे कान तापतात, आणि ते पैसे परत करेपर्यंत ती छत्री दिसत राहते. शेजाऱ्याचा बांध आजोबांनी कधी बोटभर कोरला नाही. तुकोबांची पालखी इंदापूरवरून सराटीला यायची तेव्हा ते वारकऱ्यांचे पाय चेपायला जायचे आणि घरी येऊन कुणाला सांगायचे नाहीत.

याच आजोबांना दोन बहिणी होत्या. त्यांना जमिनीतलं काही दिल्याचं आमच्या घरात कुणी कधी बोललं नाही. एक दिवाळीला यायची, एक यायची नाही. आजोबांच्या कानाला त्याचा ताप झाला नसावा. उलट, वडिलोपार्जित जमीन अखंड पुढच्याच्या हाती द्यायची, हे त्यांच्या लेखी बांध न कोरण्याइतकंच मोठं कर्तव्य होतं. "जमीन फुटली की घर फुटतं." हे वाक्य मी त्यांच्याकडून ऐकलं, वडिलांकडून ऐकलं आणि परवा ते माझ्या तोंडून माझ्या मुलासमोर बाहेर पडलं.

फ्रॉइडने १९३३ सालच्या व्याख्यानांत म्हटलंय की मुलाचा पराहम् आईवडिलांच्या वागण्यावरून घडत नाही, तो त्यांच्या पराहम्‌वरून घडतो. त्यामुळे तो परंपरेचा वाहक होतो, आणि बाहेरची परिस्थिती बदलली तरी तो मागच्या काळाच्या हिशोबाने चालत राहतो. आमच्या बाबतीत हा मागेपणा तारखांनिशी दाखवता येतो. महाराष्ट्राने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत सहदायाद, म्हणजे जन्मानेच हिस्सेदार, केलं ते १९९४ मध्ये, तेही ज्यांची लग्नं आधी झाली होती त्यांना वगळून. केंद्राने ते देशभर केलं ९ सप्टेंबर २००५ पासून, तिथे लग्नाची अट नाही. आणि वडील त्या तारखेला हयात असोत वा नसोत, हक्क जन्मानेच आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात दिला. तलाठ्याच्या दप्तरात धाकटीचं नाव निमूटपणे लागलं ते कायद्यामुळे. माझ्या आतलं दप्तर अजून आजोबांच्या हातचं आहे.

तर मग माझ्या विवेकाने मला काय सांगितलं? दोन गोष्टी सांगितल्या, एकाच आवाजात. "ज्याचं त्याला देऊन ये" हे आजोबांचं, आणि "जमीन फुटू द्यायची नाही" हेही आजोबांचंच. पहिलं ऐकलं तर जमीन द्यावी लागते, दुसरं ऐकलं तर ती राहते. आणि कबूल केलं पाहिजे की दुसरं मला फार स्पष्ट, फार उदात्त ऐकू येत होतं. त्या आवाजात बोलताना मला लोभी वाटत नव्हतं, घराण्याचा राखणदार झाल्यासारखं वाटत होतं. पोटातल्या त्या पिळाने स्वतःच्या नावाने काही मागितलंच नाही. त्याने आजोबांची छत्री उघडली आणि तिच्याखाली उभा राहिला. फ्रॉइडचं ते घाईने उरकलेलं वाक्य मला इथे समजलं, वीसेक वर्षं शिकवून.

यात बुद्धी काय करत होती हेही सांगायला हवं. फ्रॉइडची प्रसिद्ध उपमा आहे: अहम् हा घोडेस्वार आणि इदम् हा घोडा. पण तोच पुढे म्हणतो की घोड्यापासून सुटून पडायचं नसेल तर स्वाराला पुष्कळदा घोडा जाईल तिकडेच जावं लागतं, आणि आपणच नेतोय असं दाखवावं लागतं. तुकडेबंदी कायदा वाचणारा मी हाच.

मी धाकटीला फोन केला होता. सहीचं बोलायला जीभ रेटेना, म्हणून म्हटलं, कागदपत्रांचं काहीतरी करून ठेवायला पाहिजे. ती लगेच म्हणाली, "दादा, तू म्हणशील तिथं सही करते. मला माहेर पाहिजे, जमीन नको." मला इतकं हायसं वाटलं की त्या हायसं वाटण्याचीच नंतर भीती वाटली.

१९२५ च्या एका लेखात फ्रॉइडने असं लिहून ठेवलंय की स्त्रियांचा पराहम् पुरुषांइतका कठोर आणि निर्लेप होत नाही, त्यांना न्यायाची जाण कमी असते. कारेन हॉर्नायसारख्या त्याच्याच वर्तुळातल्या स्त्रीने त्याच्या स्त्रीविषयक मांडणीला त्याच काळात आव्हान दिलं होतं. हॉर्नाय बाजूला ठेवली तरी, फ्रॉइडने आमच्या तालुक्यातल्या हक्कसोडपत्रांची एक पेटी पाहिली असती तर त्याला ते वाक्य खोडावं लागलं असतं. हक्काचं मागायचं नाही, मागितलं तर भाऊ तुटेल, आईला वाईट वाटेल, भावजय दारात उभं करणार नाही, लोक म्हणतील हिने बापाच्या मढ्यावर वाटणी मागितली. एवढा कडक पराहम् तिच्या मनात लहानपणापासून बसवलाय तेव्हा कुठे आमची जमीन अखंड राहते. मी स्वतःला जो राखणदार म्हणवतो तो तिच्या विवेकावर पोसलेला आहे. आणि "मला जमीन नको" हे तिचं आहे की तिच्या आत बसलेल्या आमच्या आजोबांचं, हे विचारण्याची सोय मी ठेवलेली नाही. राजीखुशीने हा शब्द मसुद्यात आहे.

माझ्या मनाला मात्र हे कुठेतरी कळलेलं होतं. या भाऊबीजेला मी ओवाळणीच्या ताटात दरवर्षीपेक्षा तिप्पट पैसे टाकले. धाकटी म्हणाली, "दादा, पगार वाढला काय?" सगळे हसले. केलेली किंवा करायची गोष्ट दुसऱ्या एखाद्या कृतीने पुसून टाकायची धडपड, असं या प्रकाराचं वर्णन फ्रॉइडने १९२६ मध्ये केलंय. मी मुलांना ते सतत हात धुणाऱ्या रुग्णाच्या उदाहरणाने शिकवतो. पुढच्या वर्षी ओवाळणीचं सांगावं लागेल.

फ्रॉइडच्या पलीकडे मला यात उपयोगी पडले ते गिरींद्रशेखर बोस. कलकत्त्याचे डॉक्टर, १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था त्यांनी काढली, व्हिएन्नातल्या फ्रॉइडशी पत्रव्यवहार बरीच वर्षं चालला, आणि फ्रॉइडचं सगळंच त्यांनी मान्य केलं नाही. त्यांचं म्हणणं असं की प्रत्येक इच्छेबरोबर तिच्या उलटी इच्छा मनात असते. मारावंसं वाटणाऱ्याच्या आत मार खाणाराही असतो. उपचारात ते माणसाला दुसऱ्याच्या जागी स्वतःला कल्पायला लावत, मग परत स्वतःच्या जागी, मग पुन्हा तिकडे. मराठीत याला आपण सहज म्हणतो, तिच्या जागी उभं राहून बघ. पण हे म्हणताना तिच्याबद्दल दया यावी एवढीच आपली अपेक्षा असते.

मी ते नीट केलं. मनानेच नीरेचा पूल ओलांडला, माळशिरसच्या बाजूला तिच्या सासरच्या स्वयंपाकघरात उभा राहिलो, आणि दादाचा फोन घेतला. दया अजिबात आली नाही. संताप आला. जो माझ्याबरोबर त्याच विहिरीवर पोहायला शिकला, ज्याने त्याच वाफ्यांत पाणी धरलं, तो मला साडीचोळीवर कटवतोय. कोर्टात जाईन, सातबारावर बोजा चढवीन, आई कुणाकडे राहील ते बघू, इथपर्यंत मी दोन मिनिटांत पोचलो. म्हणजे ती जमीन मला जितकी चिकटलेली आहे, तितकीच तिच्या बाजूने उभं राहिल्यावरही चिकटते. तिला जमीन नकोय, हे मी इतक्या चटकन कसं मानलं? मला ती हवी होती म्हणूनच.

मसुदा मी रद्द करतोय. याबद्दल मला स्वतःची पाठ थोपटावीशी वाटत होती, पण ती वेळ आली नाही, कारण लगेच वाटणीचा कच्चा नकाशा काढायला बसलो. शेताचा वरचा भाग विहिरीकडे आणि फाट्याकडे आहे. खालचा नदीकडे उतरतो, आणि त्याच्या शेवटच्या पट्ट्यात उन्हाळ्यात ढेकळांवर पांढरी पापडी धरते. मी आडवी रेघ मारली आणि खालचा भाग धाकटीला दिला. कारणही तयार होतं: नदीच्या बाजूचं आहे, पलीकडून त्यांना यायला जवळ. पेन्सिल खाली ठेवल्यावर ते लक्षात आलं. विवेकाचा निकाल लागला होता, पण तो अमलात आणायचं काम पुन्हा त्या पिळाकडेच गेलं होतं.

आमच्याकडे भावाभावांच्या वाटणीत जुनी पद्धत आहे. थोरल्याने वाटे करायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. ती पद्धत बहिणीला कुणी लावल्याचं मी पाहिलेलं नाही. मी थोरला, म्हणून वाटे मी करणार. पहिला वाटा ती उचलणार. एवढं ठरवून नवा कागद घेतला आणि रेघ आपोआप उभी पडली, विहिरीपासून थेट नदीपर्यंत, म्हणजे दोन्ही वाट्यांत चांगली माती आणि दोन्हींत पापडी. विहीर सामायिक, मोटारीच्या पाळ्या आलटून पालटून, गाडीवाट दोघांची. इतका चोख नकाशा काढायला मला आजोबा लागले नाहीत. खारट पट्टा आपल्या पदरात येईल ही धास्ती पुरली. ज्याने आडवी रेघ मारली त्यानेच ही उभी मारली, तेवढ्याच जोराने.

रेघ विहिरीजवळ तीन हात इकडे घ्यायची की तिकडे, यावर सध्या अडलोय. तिथे एक जांभळीचं झाड येतं. मोजणीचा अर्ज या आठवड्यात भरायचाय, आणि त्याआधी धाकटीला परत फोन करून सही देतेस का हे न विचारता कुठला वाटा घेतेस हे विचारायचंय. ती म्हणेल, तू देशील तो. तेव्हा तिला सांगावं लागेल की मी द्यायचा नाहीये, तू उचलायचा आहेस, आणि इथे येऊन, विहिरीवर उभं राहून, दाजींना बरोबर घेऊन किंवा न घेता, पण डोळ्यांनी बघून.